ओंडका, सोट की चिरीव लाकूड?

प्रश्न : कुडचड्याला आमची वडिलांपासूनची लाकडाची वखार आहे. इक्वाडोरहून साग मागवायचं चाललं आहे. पुरवठादाराकडे दोन प्रकार आहेत, गोल ओंडके आणि चारही बाजूंनी तासून चौकोनी केलेले. कस्टम्सच्या दरसूचीत, म्हणजे मालाच्या नंबरवार यादीत, एक एजंट म्हणतो दोन्ही ४४०३ खाली जातात. दुसरा म्हणतो, चौकोनी झालं की ४४०७. त्याच कंटेनरमध्ये सागाचेच बारीक सोट येणार आहेत, एका बाजूने अणकुचीदार टोक काढलेले, भावाच्या काजूच्या बागेच्या कुंपणासाठी. सगळा सागच आहे, तर एकच नंबर लिहिला तर चालेल का?
— एक वखारवाले, कुडचडे

उत्तर : नाही, एकच नंबर लिहू नका. वास्कोला मी एकतीस वर्षं कस्टम्समधून माल सोडवण्याचं, क्लिअरिंगचं काम केलं, आणि लाकडाच्या मालात अडकलेले बहुतेक लोक याच एका समजुतीपायी अडकलेले पाहिले. झाड एक असलं तरी त्याच्यावर पुढे काय काम झालं आहे, यावर नंबर ठरतो. तुम्ही त्याचं दार करणार की कुंपण, हे इथे सहसा कामाला येत नाही.

गोल ओंडक्यांचा प्रश्नच नाही. साल असो वा काढलेली, बाहेरचं पांढरं लाकूड उतरवलेलं असो वा नसो, ४४०३. कंटेनरमध्ये बसावा म्हणून आडवा कापून आखूड केला तरीही तेच. २०२२ पासून सागाला स्वतंत्र उपशीर्षक आहे, ४४०३ ४२. जुन्या बिलावरून नंबर उतरवून काढू नका.

खरी मेख चौकोनी मालात आहे. कुऱ्हाडीने, वाकसाने किंवा ढोबळ करवतीने बाजू सपाट केल्या, पण कोपऱ्यांवर साल किंवा मूळची गोलाई राहिली, तर तो ‘ओबडधोबड चौकोनी’ माल आणि ४४०३ मध्येच. समोरासमोरच्या दोनच बाजू सपाट केलेल्या असतील तरी तेच. साग पाचर मारून रेषेने फोडलेला असला तरी तो इथेच धरतात. मात्र आरायंत्रावर लांबीत नीट चिरून धारदार कडांचा केला आणि जाडी ६ मिलिमीटरच्या वर असली, की ते चिरीव लाकूड, ४४०७. म्हणजे तुमचे दोन्ही एजंट माल न बघता बोलत आहेत.

हे मी स्वतः चुकून शिकलो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्याच्या कितीतरी आधीची, बर्मा सागाची गोष्ट. इन्व्हॉइसवर ‘स्क्वेअर्स’ होतं, मी सरळ चिरीव लिहिलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने एकेका नगाच्या कोपऱ्यावर हात फिरवला. सालीचे पट्टे तसेच होते. कागद दुरुस्त होईपर्यंत माल बारा दिवस यार्डात पडून राहिला आणि भाडं पक्षकाराला भरावं लागलं. त्याची मला आजही हळहळ वाटते. तेव्हापासून टोकांचे आणि कोपऱ्यांचे फोटो हातात आल्याशिवाय मी लाकडाचा नंबर लिहिला नाही. तुम्हीही पुरवठादाराकडून ते आधी मागवा.

आता सोट. टोक काढलेले आणि लांबीत न चिरलेले खांब ४४०४ मध्ये जातात. साग रुंदपर्णी, म्हणून ४४०४ २०. टोक न काढता गोल, अखंड पाठवले तर ते पुन्हा ४४०३. भावाला टोकं इथेच काढून घ्यायची असतील तर ती सोय आहे, पण बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदात, जे येईल तेच लिहा. आणि ‘हार्डवुड’ म्हणजे कठीण लाकूड, असं धरून चालू नका. बोटाने दबणारा बाल्सा हार्डवुडच आहे. आपल्या माट्टी-किंदळासारख्या रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड, पाइनसारख्या सूचिपर्णींचं ते सॉफ्टवुड.

२०११ पासून स्वयंनिर्धारण आहे, म्हणजे वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदाराची, तुमचीच. चूक निघाली तर कमी भरलेल्या शुल्काच्या फरकाची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर पाच. असा माल नेहमी आणणार असाल आणि शंका राहिली, तर मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिथला निर्णय तीन वर्षं चालतो, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर आणि इन्व्हॉइसवर झाडाचं शास्त्रीय नाव, टेक्टोना ग्रँडिस, एकसारखं हवं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मापाचं सांगतो. सागाच्या व्यापारात हॉपस माप चालतं : घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ते खऱ्या घनमापाच्या साधारण ७८.५ टक्केच भरतं. पॅकिंग लिस्टवर कोणतं माप आहे हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर यार्डात टेप लावल्यावर १०० घनमीटरचा माल कागदावर ७८.५ का, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.