वाचकांचे प्रश्न : हंगामी मेळ्यासाठी कापडी हस्तकला

प्रश्न : मला भरतकाम चांगले येते आणि शिलाई मशीनही चालवता येते. तीन महिन्यांनी होणाऱ्या एका हंगामी मेळ्यात मी प्रथमच टेबल घेत आहे. उशांचे अभ्रे, पिशव्या, बटवे, रुमाल असे सगळेच करावेसे वाटते. नेमके काय आणि किती करावे?

उत्तर : वस्तूंची यादी करण्याआधी आपल्याकडे किती तास आहेत, हे मांडून पाहावे. बारा आठवडे आणि आठवड्याला दहा तास धरले, तर १२० तास होतात. त्यातला पाचवा हिस्सा कापड धुणे, इस्त्री, सुटे दोरे कापणे, चिठ्ठ्या लावणे आणि घड्या घालणे यांत हमखास जातो, आणि नवखी मंडळी नेमका हाच हिस्सा हिशेबात धरत नाहीत. उरले ९६ तास. संपूर्ण भरलेल्या एका अभ्र्याला आठ तास लागत असतील, तर एवढ्या वेळात बारा अभ्रे होतील आणि टेबल रिकामे दिसेल. उलट कोपऱ्यात एखादेच फूल भरलेला बटवा दीड तासात होत असेल, तर तेवढ्याच वेळात चौसष्ट बटवे होतील, पण आपल्या हाताचे खरे कसब त्यात कोणाला दिसणार नाही. म्हणून चार अभ्रे आणि सुमारे चाळीस बटवे, अशी सांगड मला योग्य वाटते. अभ्र्यापाशी लोक थांबतील आणि त्यांतले बरेचसे बटवा घेऊन जातील. प्रत्येक प्रकारातली पहिली वस्तू मात्र घड्याळ लावून करावी, कारण अंदाजाने सांगितलेला वेळ जवळजवळ नेहमीच कमी असतो.

यादी दोन-तीन प्रकारांपुरतीच ठेवण्याचे दुसरे कारण असे, की एकच काम सलग केल्याने वेळ वाचतो. सगळे तुकडे एकदम बेतावेत व कापावेत, सगळ्यांच्या चेन एका बैठकीत लावाव्यात, इस्त्री एकदाच तापवावी. भरतकाम कापड सुटे आणि सपाट असतानाच उरकावे. शिवलेल्या बटव्यात सुई फिरवणे हा हाताला छळ आहे. बेततानाही दोन वस्तूंचा एकत्र विचार करावा. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ इंच असेल आणि सोळा इंची अभ्र्यासाठी माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरून १७ इंचांचे तुकडे लागत असतील, तर आडवे दोन तुकडे निघून दहा इंचांची पट्टी उरते. बटव्याचे माप या पट्टीतूनच ठरवले, तर त्यासाठी वेगळे कापड घ्यावे लागत नाही.

आणखी एक सूचना. वस्तूवर वर्षाचा आकडा किंवा त्या मेळ्याचे नाव भरू नये. असा माल त्या आठवड्यात विकला गेला नाही, तर नंतर त्याला गिऱ्हाईक नसते. हंगाम दाखवायचाच असेल, तर तो रंगांतून किंवा बांधायच्या फितीतून दाखवावा.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या बाई कापडाच्या खर्चाची तिप्पट किंमत लावतात. तसे केले, तर माझे भरतकाम फुकट गेल्यासारखे वाटते, आणि जास्त लावली तर लोक म्हणतात की असेच दुकानात स्वस्त मिळते. किंमत कशी ठरवावी?

उत्तर : तिपटीचा नियम सोपा आहे, पण हातकामाला तो लागू पडत नाही. एकाच कापडाची साधी पिशवी आणि दाट भरलेली पिशवी यांचा सामानाचा खर्च जवळजवळ सारखाच असतो. फरक असतो तो तासांचा. म्हणून किमतीचे घटक वेगवेगळे लिहावेत : कापड, अस्तर, दोरा आणि चेन यांचा खर्च, लागलेले तास गुणिले आपण ठरवलेला तासाचा मोबदला, आणि टेबलाचे भाडे, प्रवास व वस्तूंची बांधणी (पॅकिंग) यांचा प्रत्येक वस्तूवर येणारा वाटा. हा वाटा काढताना केलेल्या नव्हे, तर विकल्या जातील अशा वस्तूंच्या संख्येने भागावे. साठ वस्तू नेल्या आणि चाळीसच विकल्या, तर सगळे भाडे त्या चाळीस वस्तूंनीच भरून काढायचे असते. उरलेला माल पुढच्या मेळ्यात विकता येतो, पण दिलेले भाडे परत येत नाही.

असे करून आलेली किंमत कोणी देणार नाही असे वाटले, तर मोबदला कापण्याऐवजी वस्तू बदलावी : नक्षी लहान करावी, टाका विरळ घ्यावा, भरतकाम फक्त दर्शनी बाजूला ठेवावे. आपल्या तासाला स्वतःच शून्य किंमत लावणाऱ्यांमुळे शेजारच्या टेबलावरच्या कारागिराचेही नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातल्या वस्तूशी तुलना होणारच. तेव्हा वाद न घालता कामाची उलटी बाजू दाखवावी. यंत्राच्या भरतकामात मागे खालच्या रिळाचा, बहुधा पांढरा, दोरा एकसारखा दिसतो. हाताच्या कामात मागेही तोच रंगीत दोरा आणि त्याची वळणे दिसतात. त्यासाठी एक नमुना अस्तराविना टेबलावर ठेवावा.

प्रश्न : गडद लाल कापडाच्या पिशवीला पांढरे अस्तर लावले होते. पहिल्याच धुण्यात अस्तर गुलाबी झाले आणि पिशवी सुरकुतली. कापड मिठाच्या पाण्यात भिजवले असते, तर रंग टिकला असता का?

उत्तर : नाही. रंगवताना मिठाचा उपयोग होतो, कारण त्यामुळे रंग धाग्याकडे ओढला जातो. पण रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती धाग्याला पक्का बसत नाही. तो सुटा रंग धुऊन काढणे हाच उपाय आहे. गडद कापड वेगळे, कोमट पाण्यात साबण घालून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. मग ओल्या कापडावर पांढरा सुती तुकडा ठेवून इस्त्री दाबावी. तुकड्यावर डाग उमटला, तर ते कापड पांढऱ्याशेजारी वापरू नये. भरतकामाच्या लाल, निळ्या आणि काळ्या दोऱ्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी.

पिशवी सुरकुतली, कारण वरचे कापड आणि अस्तर सारखे आटले नाही. दोन्हींचा २० सेंटीमीटरचा चौकोन आखून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. बाजू १९ सेंटीमीटर भरली, तर कापड पाच टक्के आटते. उभ्या आणि आडव्या धाग्यातले आटणे वेगळे असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मोजाव्यात. सुती कापड बेतण्याआधीच धुणे सर्वांत सुरक्षित. त्याने कापडाची खळ जाते आणि ते लिबलिबीत होते, अशी तक्रार असते. हलका स्टार्च देऊन इस्त्री केली की ते पुन्हा कापण्याजोगे होते. धुण्याची सूचना प्रत्येक वस्तूसोबत लिहून द्यावी.

प्रश्न : उरलेल्या कात्रणांची बाळांसाठी खेळणी करून तीही विकावीत का?

उत्तर : जरूर करावीत, पण बटणे, मणी आणि लांब फिती पूर्णपणे टाळाव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सुटून घशात अडकतील असे लहान भाग नसावेत, असा नियम अनेक देशांत आहे. डोळे आणि नाक दोऱ्यानेच भरावे, शिवणीवर दुहेरी टीप घालावी आणि तयार खेळणे जोरात ओढून पाहावे. आपल्या भागातले खेळण्यांच्या विक्रीचे नियम कात्री हातात घेण्यापूर्वीच पाहून घ्यावेत, कारण काही ठिकाणी चाचणीशिवाय ती विकता येत नाहीत. तसे असेल, तर त्याच कात्रणांच्या पुस्तकखुणा किंवा सुयांच्या गाद्या कराव्यात.