आधी रिकामे मणी करून बघ

सांगलीत साखरेला तोटा नाही, म्हणून अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, जेल होणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांत कोंडायला इन्व्हर्टेज, म्हणजे साखर फोडणारं एन्झाइम, निवडलंस, छान केलंस. पण एन्झाइम जेलमध्ये पाहुण्यासारखं गप्प बसून राहत नाही, हे आधी मनात पक्कं कर. ते प्रथिन आहे. अल्जिनेटच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि कॅल्शियमने जोडल्या जाणाऱ्या जागा अडवू शकतं. मग जाळी सैल पडते, मणी जास्त फुगतो, चिमटीत धरला की लगेच चपटा होतो.

म्हणून प्रत्येक वेळी बिनएन्झाइमचे मणीही कर, आणि एन्झाइमच्या बाटलीत असतं तेवढंच ग्लिसरॉल नि क्षार त्यातही घाल. नाहीतर फरक नेमका कशाने पडला, कळणारच नाही. मी हे केलं नव्हतं; तीन महिने वाया गेले, फार जिवाला लागलं होतं.

फॉस्फेट बफर (बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) मात्र अजिबात नको! तो कॅल्शियम ओढून घेतो, मणी विरघळायला लागतात. अ‍ॅसिटेट बफर वापर. फुगलेलं वजन घेताना मणी टिपकागदावर अलगद टिपून लगेच तराजूवर ठेव. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते बघता बघता सुकतात.