चांदीची पट्टी आणि सलाइन

प्रश्न: आईच्या तळपायाला मधुमेहामुळे जखम झालीय. तपासणीत बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्युडोमोनास हा जिवाणू सापडला. डॉक्टरांनी दिलेलं नॅनो-चांदीचं ड्रेसिंग आम्ही सलाइनमध्ये भिजवून लावतो, पण फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर: आधी सलाइन थांबवा. पट्टीवरचे चांदीचे कण 100 नॅनोमीटरहून लहान असतात. ओल लागली की त्यांतून आयन (चांदीचे विद्युतभारित अणू) सुटतात आणि जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात. एकाच वेळी अनेक जागी घाव बसतो, म्हणून असा चिवट जिवाणूही मरतो. पण सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं. त्यातलं क्लोराइड चांदीला धरून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनवतं, मग जिवाणूंसाठी मोकळे आयन कमी उरतात. पट्टी निर्जंतुक पाण्यात भिजवा, जास्तीचं निथळू द्या. जखम सलाइनने धुतली तर हरकत नाही, नंतर टिपून घ्या. खाली व्हॅसलीनसारखं तेलकट मलम नको. काही पट्ट्या 3 दिवसांच्या, काही 7 दिवसांच्या, पाकीट वाचा. एमआरआयआधी काढा. कातडीवरचा काळपट डाग जातो.

मृत मांसाचा आणि बायोफिल्मचा (जिवाणूंनी स्वतःभोवती केलेल्या आवरणाचा) बुळबुळीत थर मात्र डॉक्टरांकडून खरवडूनच घ्यावा लागतो, त्याखाली चांदी नीट पोचत नाही. हाडात संसर्ग असेल तर पट्टी कुचकामी. सूज वर चढली, ताप आला, की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि चांदी अजिंक्य नाही: बॉस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातले चांदीला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू 1975 मध्येच नोंदले गेले. म्हणून जखम स्वच्छ झाल्यावरही पट्टी चालू ठेवू नका.