जबड्यातील गाठ : सुई काय सांगते आणि काय नाही

प्रिय डॉक्टर,

जबड्याच्या गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्याच्या चार काचा तुम्ही पाठवल्यात आणि सोबतच्या चिठ्ठीत रुग्णाचे वय व ‘खालचा जबडा’ एवढेच लिहिलेत. काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी मी क्ष-किरण चित्र मागवले, याचा राग मानू नका. हाडातल्या गाठीचे निदान नुसत्या पेशींवरून करण्याची घाई मला एकदा महागात पडली आहे. त्या वेळच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या नमुन्यात, अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी भरपूर होत्या आणि ‘महाकाय पेशींचा ग्रॅन्युलोमा’ (जबड्यातली एक सौम्य गाठ) असे लिहून मी मोकळा झालो. रक्तातील कॅल्शियम आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे हार्मोन दोन्ही वाढलेले होते, हे शस्त्रक्रियेनंतर कळले. पॅराथायरॉइडच्या अतिस्रावामुळे हाडात होणारी ‘ब्राउन ट्यूमर’ नावाची गाठ पेशी पाहून वेगळी ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

आता तुमच्या काचा. पेशींचे घट्ट पुंजके, त्यांच्या कडेला कुंपणासारख्या रांगेत उभ्या असलेल्या गडद केंद्रकांच्या उंच पेशी आणि मध्ये ताऱ्यासारखे फाटे फुटलेल्या विरळ पेशी, हे चित्र अमेलोब्लास्टोमाकडे, म्हणजे दात घडवणाऱ्या ऊतींपासून होणाऱ्या जबड्याच्या गाठीकडे, बोट दाखवते. मात्र अशा गडद, लहान पेशींचे पुंजके लाळग्रंथींच्या काही अर्बुदांतही (गाठींतही) दिसतात. त्यामुळे गाठ हाडाच्या आतून वाढली की बाहेरून आत शिरली, हे क्ष-किरण चित्रावरूनच पाहावे लागते.

तिसऱ्या काचेवर केवळ द्रव, भक्षक पेशी आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक आहेत. ही एकच काच हाती आली असती, तर तुम्ही ‘सिस्ट’ (द्रवाने भरलेली साधी पिशवी) लिहिले असते, आणि कदाचित मीही. एका पोकळीच्या अमेलोब्लास्टोमात असेच फसायला होते. म्हणून द्रव उपसून झाल्यावर भिंतीच्या जाड भागातून पुन्हा नमुना घ्यावा आणि द्रव सेंट्रिफ्यूज करून त्याचा गाळही पाहावा.

हाडाचे कवच पातळ झाले असेल, तर 22 किंवा 23 गेजची बारीक सुई सहज आत जाते. कवच जाड असेल तेथे जोर लावू नये, सरळ बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, मार्ग धरावा. सिरिंज लालभडक रक्ताने आपोआप भरू लागली, तर तेथेच थांबावे, कारण रक्तवाहिन्यांच्या गाठीवर बायोप्सी केल्यास रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. काही काचा अल्कोहोलमध्ये पापानिकोलाऊ रंगासाठी आणि काही हवेत वाळवून गिम्सा रंगासाठी ठेवाव्यात. मिक्सोमा या जबड्यातल्या दुसऱ्या गाठीचा बुळबुळीत गर गिम्सात फार ठळक दिसतो.

अहवालात ‘दंतजन्य (दाताच्या ऊतींपासून झालेले) अर्बुद, अमेलोब्लास्टोमाची दाट शक्यता’ असे लिहा. गाठीचा उपप्रकार आणि भिंतीत झालेला शिरकाव सुईला दिसत नाही. त्यामुळे जबड्याचा किती भाग काढायचा, हे बायोप्सी आणि सीटी स्कॅन पाहूनच शल्यचिकित्सकांनी ठरवावे, असेही त्यात नमूद करा. स्कॅन हाती येताच मला पाठवा. मग चौथ्या काचेवरच्या त्या चपट्या पेशींविषयी बोलू.

तुमचा,
एक जुना पेशीतज्ज्ञ