मुकादमाची माणसेही मोजणीत येतात

प्रश्न : मी सोलापुरात लहान सरकारी बांधकामे घेतो. नुकत्याच मिळालेल्या शाळेच्या इमारतीच्या कामात शिकाऊ उमेदवारी अधिनियम पाळण्याची अट आहे. माझ्या हजेरीपटावर 8 माणसे आहेत, उरलेली 32 मुकादमामार्फत येतात. ही अट मला लागू होते का? त्यांतल्याच एखाद्या तरुण बिगाऱ्याला शिकाऊ दाखवले तर चालेल का?
– एक कंत्राटदार, जुळे सोलापूर

उत्तर : अट लागू होते. 1961 च्या या अधिनियमात 2014 साली दुरुस्ती झाल्यापासून मुकादमामार्फत आलेला मजूरही कामगारांच्या संख्येत धरला जातो, त्यामुळे तुमची माणसे 40 ठरतात. 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, म्हणजे तुमच्याकडे किमान 1 आणि जास्तीत जास्त 6.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमचा ठाम नकार आहे. उमेदवारीसाठी लेखी करार, केंद्राच्या पोर्टलवर त्याची नोंदणी आणि दरमहा विद्यावेतन लागते. आयटीआय उत्तीर्णासाठी 2019 मध्ये ते किमान 7,000 रुपये ठरले होते, तरी करार करताना त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहून घ्यावा. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, पण कामावर त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच असते. बिगाऱ्याचे नुसते नाव बदलून त्याची मजुरी विद्यावेतनावर आणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. गवंडीकामाच्या उमेदवाराने वर्षभर घमेलीच वाहिली, तर तो काय शिकणार? ओळंब्याची, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का हे पाहण्यासाठी सोडलेल्या वजनाची, दोरी भिंतीपासून वर आणि खाली सारख्याच अंतरावर आहे का, हे त्याने स्वतः पट्टीने मोजावे, आणि चुकलेला थर मिस्त्रीच्या देखत उतरवून पुन्हा रचावा. एवढा वेळ त्याला मिळेल, अशी कामाची आखणी तुम्हीच करायला हवी. असा मुलगा हवा असेल तर शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करा.

शाळेचे काम लवकर संपले म्हणून उमेदवाराला घरी पाठवता येत नाही. करार तुमच्या आस्थापनेशी असतो, त्या एका इमारतीशी नव्हे. त्याला पुढच्या कामावर न्यावे, आणि हाती काम नसेल तर रीतसर मान्यतेने करार दुसऱ्या मालकाकडे सोपवता येतो. तुमच्या कसुरीमुळे करार मुदतीआधी संपुष्टात आला, तर उमेदवाराला भरपाई द्यावी लागते.