वॉर्डात गुणपत्रिका कोण पाहतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांतील तीन पत्रे नर्सिंगच्या अभ्यासक्रमातील गुणांविषयी आहेत. आधी रुग्णालयात आणि नंतर अध्यापनात माझी बरीच वर्षे गेली असल्याने ही तिन्ही पत्रे मी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : आदरणीय बाई, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सत्रात शिकत आहे. आमचे घर गोव्यातील सत्तरी तालुक्यात आहे. चौथीपर्यंत मी गावातील सरकारी मराठी शाळेत होते, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेले. पाच सत्रांनंतर माझा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांचा दहापैकी सरासरी गुणांक, ६.४ आहे. औषधशास्त्राचा पेपर एकदा राहिला होता, तो दुसऱ्या वेळी सुटला. पाचव्या सत्रात सामुदायिक आरोग्य परिचर्येत जेमतेम पास झाले. वर्गातल्या मुली म्हणतात, ‘वॉर्डात गुणपत्रिका कोण पाहतो? नोंदणी झाली की सगळ्या सारख्याच.’ बाबा म्हणतात, एवढ्या गुणांवर सरकारी नोकरी मिळणार नाही. कोणाचे खरे मानू?
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर : तुझ्या ६.४ या आकड्याचा अर्थ आधी नीट समजून घे, कारण पत्रातील सुरावरून तू स्वतःला नापासाच्या काठावर समजतेस असे वाटते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या सत्र पद्धतीत ६ ते ७.४९ सीजीपीए म्हणजे प्रथम श्रेणी आणि ७.५ पासून पुढे विशेष प्रावीण्य. तू प्रथम श्रेणीत आहेस. नर्सिंगच्या विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात, आणि तेही लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे. एका बाजूचे गुण दुसऱ्या बाजूची उणीव भरून काढत नाहीत. ही अट मला फार योग्य वाटते. उत्तम लिहिणारी पण रुग्णाला हात लावायला बिचकणारी, किंवा हात सफाईचा पण औषध का दिले हे न सांगता येणारी, अशी कोणतीही मुलगी त्या रेषेच्या पुढे जाऊ नये, हाच या अटीचा हेतू आहे.

आता बाबांचे म्हणणे. एम्सच्या रुग्णालयांसाठी होणारी नॉरसेट ही परीक्षा प्राथमिक आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते, आणि पदवीला तुला किती गुण होते हे तिथे गुणवत्ता यादीत धरले जात नाही. पदवी व नोंदणी हवी, पुढचे सारे त्या परीक्षेतील गुणांवर ठरते. गोवा सरकारच्या नोकरीसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते, शिवाय पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो. प्रत्येक जाहिरातीतील निकष त्या त्या वेळी काळजीपूर्वक वाचावेत. जिथे पदवीचे गुण थेट आडवे येतात असे दार म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग. त्या प्रवेशासाठी पदवीला एकूण ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. पुढे शिकवण्याची इच्छा असेल, तर उरलेल्या सत्रांत आकडा घसरू देऊ नकोस. बाबांना एवढे सांग की नोकरीचे दार ६.४ ने बंद झालेले नाही, पण पुन्हा एका परीक्षेतून जावे लागणार आहे आणि ती परीक्षा याच पाठ्यपुस्तकांतून प्रश्न विचारते.

मैत्रिणींचे म्हणणे मला अधिक काळजीचे वाटते. वॉर्डात गुणपत्रिका कोणी पाहत नाही हे खरे आहे; परंतु गुणपत्रिकेत ज्याचे गुण गेले ते प्रश्न वॉर्डात पुन्हा समोर येतात, आणि तिथे पुरवणी परीक्षा नसते. म्हणून ‘गुण किती पडले’ यापेक्षा ‘गुण कुठे गेले’ हे शोधण्याचा आग्रह मी प्रत्येक विद्यार्थिनीला धरत आले. ६.४ हा आकडा दोघींचा सारखा असू शकतो. एकीचे गुण लांबलचक व्याख्या पाठ न केल्याने गेलेले असतात, तर दुसरीचे औषधाच्या मात्रेचे गणित न जमल्याने. या दोघींची गुणपत्रिका सारखी दिसली तरी मी त्यांना सारखे मानणार नाही.

तुझा औषधशास्त्राचा पेपर राहिला होता, म्हणून एक उदाहरण देते. बारा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी दर किलोला १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटॅमॉल लिहिले, तर मात्रा १८० मिलिग्रॅम होते. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते साडेसात मिलिलिटर द्यावे लागेल. पण कपाटात पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप असेल, तर तेच माप ३.६ मिलिलिटर होते. सवयीने साडेसात मिलिलिटर ओतले, तर मुलाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक औषध गेले. परीक्षेत हे गणित चुकले तर फार तर दोन गुण जातात. तुझा पेपर दुसऱ्या वेळी सुटला ही चांगली गोष्ट आहे. पण तो अशी गणिते जमू लागल्यामुळे सुटला की अपेक्षित प्रश्नांची यादी पाठ केल्यामुळे, हे फक्त तुला ठाऊक आहे. दुसरे असेल तर आज संध्याकाळी वही काढ आणि रोज पाच गणिते सोडव: मात्रेची, सलाईनच्या थेंबांची, पातळ करून द्यायच्या इंजेक्शनांची. उत्तर काढल्यावर ते शक्य वाटते का, हेही स्वतःला विचार. सलाईनचे मिनिटाला चारशे थेंब असे उत्तर आले, तर गणित चुकले हे डोळ्यांना दिसले पाहिजे.

सामुदायिक आरोग्य परिचर्येविषयी तर मला तुझ्याशी थोडे कठोरपणे बोलायचे आहे. हा विषय अनेक विद्यार्थिनी ‘पास होण्यापुरता’ करतात. तू सत्तरीची आहेस. २०१५ मध्ये तुमच्याच तालुक्यातील पाली गावात क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात तो, गोव्यात पहिल्यांदा आढळला. रानात माकडे मरून पडणे, त्या भागात गोचिडीतून विषाणू पसरणे, काजूच्या हंगामात बागेत आणि रानात जाणाऱ्या माणसांना ताप येणे, या साखळीचा अर्थ गावाला समजावून सांगणे हेच सामुदायिक परिचर्येचे काम आहे. बागेत जाताना अंग झाकणारे कपडे घालणे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का ते पाहणे, मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, हे गावातल्या आजीला पटेल अशा भाषेत तू सांगू शकतेस. शहरात वाढलेली तुझी पहिल्या क्रमांकाची मैत्रीण कदाचित सांगू शकणार नाही. ज्या विषयात तुझ्याजवळ इतका अनुभव आहे त्यात तू काठावर पास झालीस, याचे मला वाईट वाटले.

यात माध्यमाचा वाटा असावा असा माझा तर्क आहे. चौथीपर्यंत मराठी आणि पुढे इंग्रजी, हा आपल्याकडच्या हजारो मुलांचा मार्ग आहे, आणि उत्तर माहीत असूनही ते इंग्रजीत नीट उतरत नाही, हे मी उत्तरपत्रिका तपासताना वारंवार पाहिले. अशा मुलींना मी सांगत असे की मोठी वाक्ये लिहू नका. रुग्णाचे निरीक्षण, परिचर्या निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन या क्रमाने मथळे देऊन छोट्या वाक्यांत लिहा, आणि जिथे आकृती काढता येते तिथे ती नावे देऊन काढा. विषय आधी मराठीतून किंवा कोकणीतून मैत्रिणीला समजावून सांगावा आणि नंतर इंग्रजीत लिहावा. तुझी भाषा ही उणीव आहे असे मात्र समजू नकोस. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोडामार्ग-सावंतवाडीकडून आणि कारवारकडून रुग्ण येतात. रात्री दोन वाजता ‘बाय, हांगा दुखता’ (बाई, इथे दुखते) म्हणणाऱ्या म्हातारीला तिच्या भाषेत उत्तर देणारी परिचारिका लागते, आणि त्याचे गुण कोणत्याही पेपरात नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या दोन्ही सत्रांत ती वर्गात पहिली आली. परंतु वॉर्डात गेली की तिचे हात थरथरतात. तिथल्या एक वरिष्ठ सिस्टर तिला सर्वांसमोर ‘नुसती पुस्तकी’ म्हणाल्या. आता ती म्हणते की हे क्षेत्र माझे नाही. आम्ही काय करावे?
– एक पालक, फोंडा

उत्तर : आपल्या मुलीचे हात थरथरतात, याचा अर्थ समोर जिवंत माणूस आहे हे तिला कळते. दुसऱ्या वर्षात ही भीती सर्रास दिसते. तिच्याविषयी मत बनवण्याइतका काळ अजून गेलेला नाही. सर्वांसमोर विद्यार्थिनीचा पाणउतारा करणे मला मुळीच मान्य नाही. चूक दाखवायची तर ती बाजूला घेऊन, आणि पुढच्या वेळी काय करायचे हे सांगूनच दाखवावी.

माझा एक अनुभव आपण तिला वाचून दाखवावा. औषधशास्त्रात मला उत्तम गुण होते. नोकरीच्या सुरुवातीला एका सकाळी मी मधुमेहाच्या रुग्णासाठी वीस युनिट इन्सुलिन भरत होते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतेच्या इन्सुलिनच्या बाटल्या मिळतात, आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. माझ्या एका हातात १०० ची बाटली आणि दुसऱ्या हातात ४० ची सिरिंज होती. वीसच्या खुणेपर्यंत भरले असते तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे पन्नास युनिट गेले असते. शेजारच्या वरिष्ठ सिस्टरने माझे मनगट धरले आणि काहीही न बोलता बाटलीवरचा आकडा दाखवला. दोन्ही तीव्रतांतील फरक मी परीक्षेत बिनचूक लिहिला होता, परंतु त्या सकाळी हातांना तो ठाऊक नव्हता. त्यानंतर औषध उचलताना, भरताना आणि बाटली परत ठेवताना असे तीनदा लेबल वाचण्याची सवय मी कधी सोडली नाही.

गुण आणि हात यांच्यातील हे अंतर सरावानेच भरते. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा सुरू झाली, तेव्हा शिकाऊ परिचारिकांच्या मासिक तक्त्यात मलमपट्टीसारख्या कौशल्यांबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा आणि विश्वासूपणा यांचीही नोंद होत असे. म्हणजे या व्यवसायात लेखी उत्तराबाहेरच्या गोष्टींना पहिल्यापासून मान आहे. आपल्या मुलीने कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर एकच कृती दहा वेळा करावी, आणि वॉर्डात आधी रक्तदाब मोजणे, अंथरूण बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे अशी कामे मागून घ्यावीत. रुग्णाशी बोलत बोलत केलेल्या कामात हात लवकर स्थिर होतात. तिच्या प्राध्यापिकांना भेटून हे सांगावे. निर्णय घ्यायचाच असेल, तर आणखी एक वर्ष वॉर्डात काढून मग घ्यावा. पहिला क्रमांक टिकवण्याची सक्ती मात्र घरातून करू नये. आठवा क्रमांक आला तरी चालेल, हे वाक्य तिने आपल्या तोंडून ऐकणे आवश्यक आहे.

प्रश्न : मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, शेवटच्या वर्षाला आहे आणि मला ५८ टक्के आहेत. आमच्या वाड्यावरचे बरेच लोक परदेशात आहेत. मलाही इंग्लंडला जायचे आहे. एवढे गुण पुरतील का?
– एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : तुझ्या टक्केवारीवर तिथला निर्णय अवलंबून नाही. इंग्लंडमध्ये तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी संगणकावरील परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्यांची ऑस्की अशा दोन कसोट्या असतात. इंग्रजीसाठी आयेल्ट्स दिल्यास वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ व लेखनात ६.५ गुण मिळवावे लागतात. मुलांचा बहुतेक वेळ याच टप्प्यावर जातो, म्हणून इंग्रजीचा अभ्यास आजच सुरू कर. अमेरिकेत नर्सिंगच्या परवान्यासाठी असलेल्या एनक्लेक्स परीक्षेत तर उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच निकाल असतो. देशात राहायचे ठरवलेस, तर नॉरसेटसाठी जीएनएम झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो.

परदेशी संस्था टक्केवारीपेक्षा बारकाईने जे तपासतात ते म्हणजे कोणत्या विभागात किती तास लेखी शिक्षण आणि किती तास प्रत्यक्ष काम झाले याचे विवरण. आजारपणात बुडालेल्या ड्युट्या अजून भरून काढायच्या असतील तर त्या आताच भरून काढ, आणि संस्था सोडण्यापूर्वी तासांचा हा तपशील शिक्क्यासह मागून त्याच्या दोन-तीन प्रती घरी ठेव. काही वर्षांनी तो मिळवण्यासाठी खेटे घालणारे माझे विद्यार्थी मी पाहिले आहेत.