निर्वासित गर्भवतींच्या संसर्गाच्या तपासण्या वेगळ्या का? हा भेदभाव नाही का?

प्रसूती विभागात नर्स आहे, या तपासण्यांचं रक्त रोज काढते, म्हणून लिहिते.

मूळ तपासण्या सगळ्यांच्या सारख्याच. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही प्रत्येक गर्भवतीच्या व्हाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तिन्ही आजार आईकडून बाळाला होतात आणि तिन्ही रोखता येतात. जन्मताना हिपॅटायटिस बी झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. पण पहिल्या २४ तासांत लस टोचली आणि पुढचे डोस चुकवले नाहीत, तर बहुतेक बाळं वाचतात. सिफिलिसवर पेनिसिलिन आहे, फक्त ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवं.

जास्तीच्या तपासण्या बाई कुठे वाढली यावर ठरतात. मुलींना रुबेलाची लस मिळतच नाही अशा भागातून ती आली असेल, तर प्रतिकारशक्ती बघावी लागते. (ही लस गरोदरपणी देत नाहीत, बाळंतपण झाल्यावर देतात.) मलेरियाच्या भागातून आली असेल तर तेही बघायचं. टॉक्सोप्लाझ्माचं (मांजराची विष्ठा किंवा कच्चं मांस यातून होणारा संसर्ग) मात्र पुष्कळदा उलट असतं. उष्ण, दमट प्रदेशातल्या बाईला तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदा होण्याची भीती स्थानिक बाईलाच जास्त.

मला भेदभाव दिसतो तो दुसरीकडे. स्थानिक बाई तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवते. निर्वासित बाई कितीदा थेट कळा सुरू झाल्यावर येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या पडलेले कागद घेऊन, आणि ती लिपी आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. मग बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि पट्टीवर रेषा उमटायची वाट बघायची.

आणि कृपा करून नवऱ्याला दुभाषी करू नका. एकदा हिपॅटायटिस बीची रेषा उमटली. मी पाच-सहा वाक्यं बोलले, त्यानं तिला दोनच शब्द सांगितले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला बाहेर बसवलं, फोनवर दुभाषी बाई मिळवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "बाळाला अंगावर पाजू का?" लस टोचून झाली होती. मी म्हटलं, हो, पाजा. तिनं तिथेच बाळाला छातीशी घेतलं.